जुना हातबॉम्ब कसा बघावा: ओतकामवाल्याच्या नजरेनं

संग्रहालयात पहिल्या महायुद्धातला हातबॉम्ब दिसला की लोक विचारतात, हा किती माणसं मारायचा? वाळूजच्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा उठवतात तो नमुना, करण्यात माझी उमर गेली. मी आधी विचारतो, हा दिवसाला किती नग निघत असेल? तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

नजर तयार करायची तर आधी दौलताबादला जा आणि मेंढा तोप सावकाश बघा. पंचधातूचं ओतकाम, बुडाशी मेंढ्याचं डोकं, अंगावर लेख. एका नगासाठी कारागिराच्या हाताशी वेळ होता, हे लगेच कळतं. मग हातबॉम्बाकडं वळा.

पहिल्यांदा सुटे भाग मोजा. ब्रिटिश सैन्य आपल्या हातबॉम्बांना नंबर द्यायचं. त्यांचा 1908 चा नंबर 1 घ्या: लांब वेताची दांडी, मागं फितीची शेपटी, आपटला की फुटणारा. खंदकात हात मागं नेताना भिंतीला टेकला तर फेकणाराच जायचा. बनवायलाही किचकट. 1914 च्या शेवटी खंदकातली लढाई सुरू झाली, मागणी अफाट वाढली आणि माल पुरेना. मग शिपायांनी जॅमचे रिकामे डबे भरून बॉम्ब केले. पुढं तसेच डबे कारखान्यात होऊ लागले, त्यांना नंबर 8 आणि 9 मिळाले. इथं आधी डबा आला, ड्रॉइंग नंतर. हे ध्यानात ठेवा, बाकीचं आपोआप उलगडतं.

मग विचारा, साधी फाउंड्री हे ओतू शकेल का? नंबर 15 म्हणजे क्रिकेटच्या चेंडूसारखा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा गोळा. ओतायला सोपा, म्हणून भराभर निघाला. पण तो काडीसारखा घासून पेटवावा लागे, आणि सप्टेंबर 1915 मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत पावसानं घात केला. कित्येक पेटलेच नाहीत. ते पुढं गेलेल्या माणसांवर बेतलं. उत्पादन सोपं करताना वापरणाऱ्याचा हात विसरला की असं होतं, आणि याची मला आजही चीड येते.

आता मिल्स बॉम्बपाशी थांबा, घाई करू नका. बर्मिंगहॅमचा विल्यम मिल्स स्वतः ओतकामातला माणूस, ॲल्युमिनियमची फाउंड्री चालवणारा. मूळ कल्पना रोलांड या बेल्जियन अधिकाऱ्याची. 1915 मध्ये नंबर 5 म्हणून हा बॉम्ब सैन्यात आला. अंग बिडाचं, साच्यात कोअर, म्हणजे पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा, घालून पोकळ ओतलेलं. मशीनिंग लागायचं ते भोकांना आणि आट्यांना. त्यामुळं काम कितीतरी कारखान्यांत वाटता आलं आणि युद्ध संपेपर्यंत सात कोटींच्या वर नग निघाले. बाहेरच्या खाचा बघून लोक म्हणतात, याच रेषांवर तो फुटायचा. तसं नव्हतं, बीड कसंही वेडंवाकडं फुटतं. खाचांनी पकड मात्र चांगली मिळायची.

जर्मनांचा गोळ्याच्या आकाराचा हातबॉम्ब शेजारी असेल तर 1913 आणि 1915 चे नमुने जोडीनं बघा. नव्याच्या खाचा सोप्या केलेल्या दिसतील. पॅटर्नवाल्याला त्यातली घाई लगेच कळते.

शेतात, पडक्या गढीत असं काही सापडलं तर हात लावू नका, लांब व्हा आणि 112 ला फोन करा. संग्रहालयातला मिल्स मात्र बुडाकडून दाखवायला सांगा. बुचावर बनवणाऱ्याचं नाव, कधी तारीखही असते. दोन वेगळ्या कारखान्यांचे नग मिळाले तर खाचांच्या कडा आणि फेटलिंग, म्हणजे ओतल्यावर जादा धातू घासून केलेली सफाई, ताडून बघा, आणि फरक वहीत चित्र काढून टिपा.