न ऐकलेली बंदिश नोटेशन पाहून गाता यावी, यासाठी कान कसा तयार करावा

विशारद या संगीत परीक्षेच्या तयारीला लागलेले पुष्कळ विद्यार्थी ख्याल आलाप-तानांसह छान मांडतात. पण पुस्तकातली कधीच न ऐकलेली बंदिश (रागात बांधलेली रचना) समोर ठेवली की अडतात. एखादी ओळ आकारात (स्वरांची नावं न घेता नुसत्या ‘आ’वर) गाऊन ‘यातले स्वर सांग’ म्हटलं, की हात पेटीकडे जातो. आपली तालीम ऐकून गळ्यात उतरवण्याची आहे आणि तिला पर्याय नाही. तरीही गळ्यात बसलेल्या जागेचं नाव कानाला ठाऊक नसेल, तर गुरूंसमोरून उठल्यावर अभ्यास तिथेच थांबतो. म्हणून हा क्रम. चार-पाच वर्षं शिकलेल्यांनी रोज अर्धा तास द्यावा.

पेटी बंद, तंबोरा सुरू

पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजण्याचं एकक; पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). त्यामुळे पेटीवरच वाढलेला कान गंधार नकळत चढा लावतो. जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीवरची जुळणी) नीट लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची (सर्वांत खालच्या सा-ची) तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. पहिली पाच मिनिटं न गाता फक्त तो शोधा. सापडला की हलक्या आवाजात त्यात आपला गंधार मिसळा. काहींना तो सापडायला आठवडा लागतो. घाई करू नका.

सा धरून उड्या

सरळ आरोह-अवरोहात शेजारचा स्वर सवयीने येतो, त्यात कानाची परीक्षा होत नाही. म्हणून सा-प, सा-ग, सा-ध, सा-नि अशा उड्या घ्या. गाण्याआधी तो स्वर मनात ऐका आणि ऐकू आल्यावरच तोंड उघडा. माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचं मर्म इथे आहे. जो स्वर मनात ऐकू येत नाही, तो कागदावर वाचून गळ्यातून कसा निघेल? शुद्ध स्वर पक्के झाले की कोमल स्वर आणि तीव्र मध्यम घ्या. मग मधला सा काढून ग-ध, रे-नि अशा जोड्या गा. शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांची गल्लत मला सर्वांत जास्त दिसते, तिथे जास्त दिवस थांबा.

ऐकून लिहिणं

सोबत्याने आकारात तीन स्वर गावेत, तुम्ही लिहावेत. मग पाच, मग सात. सोबत कोणी नसेल तर स्वतःचेच तुकडे फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दोन दिवसांनी, विसरल्यावर, लिहा.

पुढे मारवा, पुरिया आणि सोहनी हे राग घ्या. तिघांतही रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य, म्हणजे लागतच नाही. इथे स्वरांची नावं ओळखून भागत नाही. गाणारा कुठे थांबतो ते टिपावं लागतं. मारव्यात रिषभ-धैवत, पुरियात गंधार-निषाद, तर सोहनीचा ओढा तार षड्जाकडे (वरच्या सप्तकातल्या सा-कडे). मारव्यात सा इतका टाळला जातो की नवशिका कान दुसऱ्याच स्वराला सा मानून बसतो. म्हणून तो लिहिताना तंबोरा बंद करू नका.

सा सरकणं म्हणजे काय, हे एकदा मुद्दाम अनुभवा. तंबोरा थांबवून भूप रागाचे स्वर (सा रे ग प ध) गा, मग त्यातल्या गंधाराला सा माना. हाती मालकंस रागाचे स्वर येतात. पंचमाला सा मानलं तर दुर्गा रागाचे, धैवताला मानलं तर धानीचे. स्वर म्हणजे सा-पासूनचं अंतर, हे इथे कानाला पटतं.

आता कागद

पुस्तक कोणत्या स्वरलेखन पद्धतीचं आहे ते आधी पाहा. भातखंडे पद्धतीत स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र (खालचं सप्तक) आणि डोक्यावर बिंदू म्हणजे तार (वरचं सप्तक). पलुस्कर पद्धतीत मात्र डोक्यावरचा बिंदू मंद्र दाखवतो. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. एका मात्रेत एकाहून अधिक स्वर असतील तर खाली कंस असतो.

गाण्याआधी मिनिटभर नुसती नजर फिरवा: सर्वांत खालचा आणि वरचा स्वर, मोठ्या उड्या, कंसातल्या मात्रा. मग हाताने ताल धरून फक्त शब्द म्हणा, स्वर नकोत. त्रितालातल्या मध्यलयीच्या पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात) उठतात, तेव्हा हातही खालीपासूनच सुरू करा. त्यानंतर सरगम, मग शब्द. डोळे गळ्याच्या चार मात्रा पुढे हवेत. चूक झाली तर थांबू नका, मागे जाऊ नका, पुढची सम (तालाची पहिली मात्रा) गाठा. थांबून दुरुस्त करायची सवय लागली की लयीतलं वाचन कधीच जमत नाही.

साहित्याची उणीव नाही. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आहेत. सुरुवातीला ओळखीच्या रागातली अनोळखी बंदिश निवडा, अनोळखी राग नंतर. दर आठवड्याला एक नवी बंदिश घ्या, पहिल्या वाचनात चुकलेल्या मात्रांवर पेन्सिलीने खूण करा आणि तो कागद गुरूंकडे न्या. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) किती लांबवायची, कण (मुख्य स्वराला लागलेला ओझरता स्वर) किती हलका लावायचा, हे त्यांच्याकडून ऐकून त्याच पानावर टिपून घ्या.