होल्डममध्ये राजा हातात आला, तर आधी शेजारचं पान बघा

राजाच्या वर फक्त एक्का, म्हणून राजा दिसला की नवखा खेळाडू डोळे झाकून कॉल करतो, म्हणजे समोरच्याएवढेच पैसे लावतो. टेक्सस होल्डम या पोकरच्या प्रकारात (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच) राजाची खरी किंमत त्याच्या जोडीला आलेल्या पानावर, म्हणजे किकरवर ठरते.

समजा, तुमच्याकडे राजा-अठ्ठी आणि समोरच्याकडे राजा-राणी. टेबलावर राजा, नव्वी, पंजी, तिर्री, दुर्री. जोडी दोघांचीही राजाचीच, पण त्याची राणी तुमच्या कामी आलेल्या टेबलावरच्या नव्वीच्या वर बसते आणि पॉट, म्हणजे जमलेले सगळे पैसे, जातो. अशा हातात जिंकलात तर थोडं मिळतं, हरलात तर बरंच जातं. म्हणून वेगवेगळ्या रंगांचे राजा-नव्वी, राजा-अठ्ठी सुरुवातीच्या, म्हणजे आधी बोलावं लागणाऱ्या, जागांवरून सरळ टाका. सगळ्यांनी पानं टाकून डाव बटनपर्यंत (वाटणाऱ्याच्या जागेपर्यंत) आला, तरच रेज करा, म्हणजे बोली वाढवा. पहिल्या जागांवरून रेज आलं असेल, तर वेगवेगळ्या रंगांचे राजा-राणीसुद्धा टाकलेले बरे: एक्का-राजासमोर ते चारांत जेमतेम एकदा जिंकतात.

दोन राजे सरासरी 221 डावांत एकदा येतात. ते लपवू नका. आधी कोणी आलं नसेल तर 3 बिग ब्लाइंडचं (बिग ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी लावायची ठरलेली मोठी रक्कम) रेज करा, नुसता कॉल करून बसलेल्या प्रत्येकामागे आणखी 1. कोणी रेज केलं असेल तर त्याच्या तिप्पट. स्वस्तात चौघांना आत घेतलं की कुणाकडे तरी एक्का निघतोच, आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, किमान एक एक्का पडण्याची शक्यता साधारण 23 टक्के असते. तसा पडला तर पॉटच्या एक-तृतीयांश एवढी एकच बेट लावा. उलट मोठं रेज आलं तर राजे सोडा. इथे हट्ट फार महाग पडतो.

दोन एक्क्यांची भीती मात्र अवाजवी आहे. त्यांच्यासमोर राजे 18 टक्केच जिंकतात हे खरं, पण नऊ जणांच्या टेबलावर बाकी आठांपैकी कुणाकडे ते असण्याची शक्यता जेमतेम 4 टक्के. एक्का-राजासमोर हेच दोन राजे सुमारे 70 टक्के वेळा जिंकतात. समोर 100 बिग ब्लाइंडएवढे पैसे (स्टॅक) असताना दोन राजे फ्लॉपआधी टाकायचे नसतात.

हातातला एक राजा समोरच्याचाही हिशेब बिघडवतो. राजांची जोडी एरवी 6 प्रकारे बनते. एक राजा तुमच्याकडे असला की 3 प्रकारेच.

तीन पत्तीतून आलेल्यांची गफलत ठरलेली: तिथे सिक्वेन्स कलरच्या वर, इथे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) स्ट्रेटच्या (ओळीने पाच पानं) वर. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री हा स्ट्रेट होत नाही. टेबलावर बदामाची तीन पानं असून त्यांत एक्का नसेल, तर बदामाच्या राजाचा फ्लशही दुसऱ्या नंबरचाच: बदामाचा एक्का हातात असलेल्याचा फ्लश त्याच्या वर. आणि इस्पिकचा राजा किलवरच्या राजापेक्षा मोठा नसतो: टेबलावर एक्का, राजा, राणी, गुलाम, तिर्री असेल, तर राजा-अठ्ठी आणि राजा-सत्ती पॉट निम्मा-निम्मा वाटून घेतात.