फ्लेमिश जायंट ससा सांभाळताना

मुलांनो, जगातील सर्वांत मोठ्या सशांमध्ये गणली जाणारी फ्लेमिश जायंट ही जात मूळची बेल्जियममधील फ्लँडर्सची, गेंट शहराच्या परिसरातील आहे. या जातीची लक्षणे १८९३ साली प्रथम ठरवण्यात आली. पूर्ण वाढलेल्या सशाचे वजन सहा-सात किलो सहज भरते आणि काहींचे त्याहूनही अधिक असते. स्वभावाने तो शांत असला, तरी त्याला उचलण्याचे काम मोठ्या माणसांवरच सोपवावे. ससा घाबरून मागच्या पायांनी जोरात झटका देतो, आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. उचलणाऱ्याने एक हात छातीखाली व दुसरा मागील भागाखाली घालून त्याला अंगाशी धरावे. कान धरून तर कधीच उचलू नये. तुम्ही जमिनीवर बसा, हातात कोथिंबिरीची काडी धरा आणि त्याला आपणहून जवळ येऊ द्या.

आपल्या बेळगाव भागात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती उन्हाची. थंड प्रदेशातील या दाट केसांच्या प्राण्याला घाम जवळजवळ येतच नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये त्याला ठेवणे जिवावर बेतू शकते. वारा खेळता असलेल्या सोप्यात किंवा घरात शहाबादी फरशीवर त्याची जागा करावी, मात्र गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि जड अंगामुळे टाचांना जखमा होतात, म्हणून अर्ध्या जागेत जाड गोणपाट अंथरावे. जाळीच्या तळाचा पिंजरा याच कारणासाठी नको. ससा धापा टाकू लागला, कान तापले किंवा तोंडातून लाळ गळू लागली, तर त्याला सावलीत नेऊन कानांना साधे गार पाणी लावावे, बर्फ लावू नये, आणि लगेच पशुवैद्यांकडे न्यावे.

खाण्यात वाळलेले गवत दिवसभर समोर असावे, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावल्यानेच ते झिजतात. हरळी, मुळ्याचा पाला, कोथिंबीर रोज थोडी द्यावी. गाजर आणि फळे खाऊपुरतीच. शेतातून पाला आणताना त्यावर औषध मारलेले नाही याची घरच्यांकडून खात्री करून घ्यावी. बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, कांदा, लसूण आणि निपाणी भागात सहज हाती लागणारे तंबाखूचे पान सशाला विषारी आहे. खानापूरकडच्या पावसात गवताला लवकर बुरशी येते, तसले गवत टाकून द्यावे. त्या दिवसांत सशाचे मागील अंग ओले राहत नाही ना, हेही रोज पाहावे, कारण ओल्या जागी माश्या अंडी घालतात.

ससा आपल्याच मऊ लेंड्या खाताना दिसला, तर घाबरू नका. अन्नातील सत्त्व तो त्यातून दुसऱ्यांदा घेतो. मात्र त्याने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता मोठ्यांना सांगून त्याला दवाखान्यात न्यायला लावा.