अ‍ॅक्रिलिक नखं: सगळा खेळ मण्याचा

बाटलीतलं लिक्विड म्हणजे इथाइल मेथाक्रिलेट, म्हणजेच मोनोमर, साखळीच्या सुट्या कड्या. डबीतली पावडर म्हणजे तयार पॉलिमर, जुळलेल्या साखळ्या; त्यात थोडं बेन्झॉइल पेरॉक्साइड, जुळणी सुरू करून देणारं. ब्रशच्या टोकावर दोन्ही भेटले की ओला गोळा होतो, तोच मणी. साखळ्या जुळतात आणि मणी आपोआप कडक होतो. दिवा-बिवा लागत नाही, ते जेल नखांचं काम.

क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाची कातडी, मागे सारा, १८० ग्रिटच्या (खरखरीतपणाचा आकडा) फाइलने फक्त चमक घालवा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली इथेच नख खरवडून काढतात! मग नख कोरडं करणारं डिहायड्रेटर, आणि पकड देणारा प्रायमर अगदी टिपूसभर. अ‍ॅसिडवाला असेल तर कातडी भाजते.

ब्रश लिक्विडमध्ये बुडवा, काठाला निथळून टोक पावडरीत धरा. मणी चकचकीत हवा, पण ओघळता कामा नये. ओघळला म्हणजे लिक्विड जास्त झालं. कच्चा मोनोमर कातडीला लागत राहिला तर अ‍ॅलर्जी होते, आणि ती सहसा पिच्छा सोडत नाही. म्हणून क्यूटिकलपाशी केसभर जागा सोडाच. पहिला मणी टोकाला, दुसरा मध्यावर जरा जाड, कारण ताण तिथेच येतो. तिसरा क्यूटिकलजवळ, पातळ. ब्रशच्या दांडीने टकटक वाजलं की फाइल करा.

स्वस्तातलं एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) लिक्विड फुकट दिलं तरी नको. ते अ‍ॅसिटोनमध्ये लवकर सुटत नाही, आणि नख कुठे अडकलं तर खालचं खरं नखही उपटतं.

मुंबईच्या मे महिन्यात मणी भराभर आवळतो. तेव्हा छोटे मणी घ्या.