मामाच्या वहीचं सॉफ्टवेअर: विंडो आणि बटणांचं डेस्कटॉप अ‍ॅप बनवायला कसं शिकायचं

बरीच पोरं विचारतात, विंडो, बटणं, रकाने असलेलं खरंखुरं डेस्कटॉप सॉफ्टवेअर शिकायचं तर सुरुवात कुठनं करायची. माझं उत्तर एकच, आधी कुणाची तरी वही शोधा. माझा मामा बेळगावच्या शहापुरात विणकरांना सूत देतो, साड्या घेतो, आणि कुणाला किती सूत गेलं, किती साड्या आल्या, उचल किती झाली हे सगळं एका लाल वहीत असतंय. कोर्समध्ये कॅल्क्युलेटर बनवून मला जे कळलं नव्हतं ते त्या वहीमुळं कळलं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत, उद्यमबागेत फाउंड्रीत, रविवार पेठेत, वही सगळीकडं आहेच.

पहिलं, शेजारी बसा. कॉम्प्युटर बंद ठेवून दोन-तीन संध्याकाळ नुसतं बघा, माणूस काय कुठल्या क्रमानं लिहितोय. मी हे केलं नाही, पहिल्याच विंडोत 22 रकाने टाकले, मामानं दोन दिवस प्रयत्न केला आणि परत वही उघडली. त्याला रोज चारच गोष्टी लागतात, नाव, सूत, साड्या, उचल, मजुरी आपोआप निघाली पाहिजे. म्हणून विंडो आधी कागदावर पेन्सिलीनं काढा, त्याला दाखवा, तो जिथं अडेल तिथं खोडा.

दुसरं, त्याचा कॉम्प्युटर बघा, तुमचा नव्हे. दुकानात अजून विंडोज 7 असतंय आणि आपण ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिणार ते पायथन त्यावर 3.8 च्या पुढचं चालत नाही. 32 बिटचं मशीन असेल तर पायथन पण 32 बिटचंच घ्या. हे शेवटी कळलं तर सगळं परत करावं लागतंय.

तिसरं, टीकिंटर घ्या, म्हणजे पायथनमधनं विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी. विंडोजवर ते पायथनच्या इन्स्टॉलरबरोबरच येतंय, उबंटूवर वेगळं पॅकेज टाकावं लागतंय. दिसायला साधं आहे हे खरं, पण पायथनबरोबर येणारा आयडल हा एडिटर टीकिंटरमध्येच लिहिलाय, म्हणजे आपल्या वहीला ते भरपूर झालं. क्यूट (Qt) ही याच कामाची दुसरी, मोठी लायब्ररी, ती नंतर शिका.

एक रिकामी विंडो, त्यात एक बटण, आणि शेवटी मेनलूप, एवढंच पहिल्या दिवशी. मेनलूप म्हणजे गल्ल्यावर बसलेला माणूस समजा, गिऱ्हाईक हाक मारेपर्यंत तो वाट बघतो, हाक आली की काम करतो आणि परत येऊन बसतो. तोच गोडाऊनला गेला तर सगळे खोळंबतात, तसं बटणाच्या फंक्शनमध्ये लांबलचक काम किंवा स्लीप (प्रोग्राम थांबवून ठेवणारी आज्ञा) टाकलं की विंडो गोठते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. थांबायचं असेल तर टीकिंटरचं आफ्टर वापरा, ते विंडो न गोठवता ठरलेल्या वेळानं काम करतं. आणि बटणाला फंक्शन देताना नुसतं नाव द्या, पुढं कंस लावला तर ते फंक्शन विंडो उघडतानाच चालून मोकळं होतंय आणि क्लिक केल्यावर काहीच होत नाही, ही चूक जवळपास सगळ्यांची होते. रकाने मांडायला ग्रिड घ्या, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडायची पद्धत, आणि एकाच फ्रेममध्ये ग्रिड आणि पॅक ही दुसरी पद्धत एकत्र करू नका, एरर येतो.

चौथं, भाषा, आणि हे आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं. मामा मराठी वाचतो, पण त्याचे निम्मे विणकर कन्नड बोलतात, आणि आपला हिशोब आपल्याला वाचता आलाच पाहिजे की त्यांना. म्हणून बटणावरचे शब्द कोडमध्ये इकडंतिकडं लिहू नका, सगळे पायथनच्या एका डिक्शनरीत (नावाला शब्द जोडलेली यादी) ठेवा, मराठीत ‘एकूण’, कन्नडमध्ये ‘ओट्टु’, मराठीत ‘सूत’, कन्नडमध्ये ‘नूलु’. डेटाबेसमध्ये मात्र हे शब्द घालायचे नाहीत, उचलीला एक आकडी कोड द्या, नाहीतर भाषा बदलली की बेरजा चुकतात. शब्दांची लांबी वेगळी असते, त्यामुळं रुंदी पक्की करू नका. फॉन्टसाठी विंडोज 8 पासून निर्मला यूआय आहे, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, विंडोज 7 वर मराठीला मंगल आणि कन्नडला तुंगा. लिनक्सवर टीके 8.6 मध्ये, म्हणजे टीकिंटर ज्यावर चालतं त्यात, जोडाक्षरं तुटतात, तिथं मात्र क्यूटच घ्या. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड शिका, क मराठीत जिथं आहे तिथंच कन्नडमध्येही आहे, एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा येतात. आणि जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टमधल्या याद्या सरळ कॉपी करू नका, बहुतेक युनिकोड नसतात, नावांचा कचरा होतो.

पाचवं, साठवण. एसक्यूलाइट हा एका फाइलीतला डेटाबेस पायथनमध्येच आहे, नेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही. प्रत्येक नोंदीनंतर कमिट करा, म्हणजे ती डिस्कवर पक्की करा, लाइट गेली तरी झालेली नोंद राहते. रक्कम दशांशात ठेवू नका, पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 येते, रुपयांचे पैसे करून पूर्णांक ठेवा आणि दाखवताना 100 नं भागा.

सहावं, एक्सई, म्हणजे मामाच्या कॉम्प्युटरवर पायथन न टाकता चालणारी फाइल. ती बनवणारा पायइन्स्टॉलर विंडोजची एक्सई विंडोजवरच बनवतो, लिनक्सवर बसून नाही. इथं मी मोठा मार खाल्ला. एकच फाइल बनवायचा पर्याय घेतला आणि डेटाबेस कोडच्या फोल्डरमध्ये ठेवला, पण तसली एक्सई चालताना स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडते आणि बंद झाली की तो फोल्डर पुसला जातो, त्यात मामाच्या अख्ख्या दिवसाच्या नोंदी गेल्या. डेटा नेहमी युजरच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, आणि रोज तारखेच्या नावानं एक कॉपी पेन ड्राइव्हवर.

सातवं, वही लगेच बंद करू नका. महिनाभर दोन्ही चालू ठेवा आणि मजुरी वाटायच्या दिवशी बेरजा जुळवा. आमच्यात तिसऱ्या आठवड्यात 500 रुपयांचा फरक आला, एका विणकराची उचल दोनदा पडली होती, कारण मामा सेव्हवर डबल क्लिक करतो आणि मी ते धरलंच नव्हतं. आता पहिल्या क्लिकला बटण डिसेबल होतं आणि नोंद पडून रकाने रिकामे झाले की परत चालू होतं.