हार्ड डिस्क कमी जीबी दाखवते? पहिले आकडा पाहा, फॉरमॅटचं मंग

लग्नाचा सीझन लागला की शूटिंगवाले पोट्टे नवीन हार्ड डिस्क घेतात अन् दुसऱ्या दिवशी तक्रार सुरू, भाऊ १ टीबीची घेतली अन् ९३१ जीबीच दाखवून राहिली, दुकानदारानं चुना लावला. अशा वेळी पहिलं काम म्हणजे किती दाखवते तो आकडा कागदावर लिहून घ्या, काहून की बहुतेक वेळा कारण त्या आकड्यातच राहते. फॉरमॅटचं बटन तोवर दाबू नका.

९३१ असेल तं डिस्क एकदम बरोबर आहे. कंपनी १ टीबी म्हणते तेव्हा एक लाख कोटी बाइट देते अन् तेवढे देतेच, पण विंडोज १००० च्या जागी १०२४ नं भागत जाते म्हणून आकडा लहान दिसते, कापूस किलोत मोजा का क्विंटलमध्ये, गंजी तेवढीच. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, कपॅसिटीसमोर तेरा आकडी संख्या दिसन अन् तिच्याच बाजूले ९३१ जीबी, दोन्ही एकच. ह्याच हिशोबानं ५०० जीबीची ४६५ दाखवते, २५६ ची एसएसडी २३८, २ टीबीची १.८१ टीबी अन् ४ टीबीची ३.६३. एवढं जुळलं तं विषय संपला, दुकानदाराशी भांडायले जाऊ नका.

ह्याच्यापेक्षा कमी असेल तं स्टार्टवर राइट क्लिक करा अन् डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'धिस पीसी'मध्ये फक्त बनवलेले पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, दिसतात, इथं पूरी डिस्क दिसते. खाली पट्टीत काळ्या रंगाचा अनअलोकेटेड (कोणत्याच पार्टिशनले न दिलेला) तुकडा दिसला तं तुमची जागा तिथंच पडून आहे. जुन्या २४० च्या एसएसडीवरून नव्या ४८० वर क्लोन मारला (सगळं जसंच्या तसं उतरवलं) की हे हमखास होते, सी ड्राइव्ह पहिल्याएवढाच राहते अन् माणूस समजते की नवीन एसएसडीच खराब. काळा तुकडा सी च्या लगेच उजवीकडे असेल तं सी वर राइट क्लिक, एक्स्टेंड व्हॉल्यूम, झालं. पण लय वेळा मधात रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी ठेवलेला भाग) बसलेलं राहते अन् एक्स्टेंड फिकं दिसते, दाबलंच जात नाही. मंग पार्टिशन सरकवणारं सॉफ्टवेअर लागते, अन् इथं सगळ्यात मोठी काळजी लाइनची. पार्टिशन सरकत असताना लाइन गेली तं डेटाचं काही खरं नाही, अन् आपल्या खेड्यात उन्हाळ्यात लाइन कधी जाईन ह्याचा काही नेम नाही. लॅपटॉप असेल तं बॅटरी फुल करा, डेस्कटॉपले चालू यूपीएस लावा, अन् कामाचं सगळं पहिले दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. सेतू केंद्रवाल्यायनं तं हे पाळाच, लोकायचे कागदपत्रं राहतात त्याच्यात.

३ किंवा ४ टीबीची डिस्क जुन्या डेस्कटॉपले लावली अन् २०४८ जीबीवर अडकली तं ती एमबीआर पद्धतीची आहे, ही पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत, ते २ टीबीच्या वर पार्टिशनच करू देत नाही. तिले जीपीटी, म्हणजे नवीन पद्धतीची, करा लागते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डाव्या बाजूले जिथं 'डिस्क १' लिहून राहते तिथं राइट क्लिक करा, पण कन्व्हर्टचा पर्याय सगळे पार्टिशन उडवल्यावरच चालू होते, म्हणजे डेटा पहिले बाहेर काढा. विंडोज ७ पासून पुढं डेटासाठी जीपीटी बिनधास्त चालते, पण त्याच डिस्कवरून विंडोज चालू करायची असेल तं मदरबोर्ड यूईएफआयवाला (बायोसच्या जागी आलेला नवीन प्रकार) पाहिजे. अन् ३ टीबीची डिस्क ७४६ दाखवत असेल तं बहुतेक बाहेरचा यूएसबी डबा नाहीतर ड्रायव्हर जुना आहे, त्याले २ टीबीच्या पुढचं मोजता येत नाही, उरलेलं तेवढं दाखवते. डबा बदलून पाहा, डिस्कले हात लावू नका.

साइज बरोबर आहे पण फ्री जागा कमी, हे वेगळं दुखणं. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती), सिस्टम रिस्टोर, अपडेटनंतर उरलेली जुनी विंडोज, हे सगळं सी खाते. डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाबा, बरीच जागा मोकळी होते.

पेन ड्राइव्हले बूटेबल (तिच्यावरून कॉम्प्युटर चालू होईन असं) केलं अन् आता ६४ ची ३२ च दाखवते किंवा काही एमबीच, तं डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं कमांड लिहून चालवायचं टूल) क्लीन मारून नवीन पार्टिशन करा लागते. ही कमांड विचारत नाही, सिलेक्ट केलेल्या डिस्कचे सगळे पार्टिशन उडवते. बाकी सगळे यूएसबी ड्राइव्ह काढा, लिस्ट डिस्क लिहून साइज पाहा, साइजवरून नंबर ओळखा, सिलेक्ट केल्यावर पुन्हा लिस्ट डिस्क लिहून चांदणीची खूण बरोबर डिस्कसमोर आली का ते पाहा, मंगच क्लीन. घाईत शून्य नंबरची डिस्क निवडली तं बहुतेक कॉम्प्युटरवर आपलीच विंडोजवाली डिस्क साफ होते बाप्पा.

बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडते ती मदरबोर्डची सेटिंग) साइज कमी दिसली तं पार्टिशनमध्ये खटपट करून काही होत नाही. जुन्या आयडीई (रुंद पट्टीच्या केबलवाल्या) डिस्कवर मागं जंपर, म्हणजे पिनांवर बसवायची लहान टोपी, राहते, तो चुकीच्या जागी असला तं डिस्क ३२ जीबीवर थांबते, फोटो काढून ठेवा अन् डिस्कवरच्या स्टिकरवर छापलेली जागा पाहून बदला. दुसरं म्हणजे डिस्कच्या शेवटी लपवून ठेवलेला भाग, एचपीए. लिनक्सची लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून एचडीपार्म ही कमांड चालवली की सेक्टरचे (डिस्कवरच्या लहान खणांचे) दोन आकडे येतात, आता दिसणारे अन् खरे, दोन्ही वेगळे असले तं भाग लपलेला आहे अन् तो त्याच टूलनं मोकळा करता येते. पण डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, किंवा दर वेळी साइज वेगळी दिसत असेल, तं ह्यातलं काहीच करू नका, लगेच बंद करा अन् आत कामाचा डेटा असेल तं डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.