एसजी बिडाला रॉड लावण्याआधी त्यात काय मिसळलंय ते विचारा

१ जूनला मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या, की मिरकरवाडा काय हर्णै काय, रत्नागिरीकडच्या सगळ्याच बंदरांत वेल्डरच्या मागे सगळ्यांची घाई सुरू. विंचचा ब्रॅकेट, पंपाची बॉडी, गिअरचं हाऊसिंग. यातले बरेच पार्ट एसजी आयर्नचे निघतात, म्हणजे मॅग्नेशियम टाकून ग्रॅफाइटचे गोल दाणे केलेलं बीड (कास्ट आयर्न). साधं बीड ठोकलं की बद्द वाजतं, हे स्टीलसारखं खणखणतं. पण तेवढ्यावर रॉड पेटवू नका, आधी ग्रेड विचारा.

४००/१५ म्हणजे ४०० मेगापास्कल ताकद आणि तुटण्याआधी १५ टक्के लांबणार. ७००/२ ताकदीला जबरदस्त पण लांबणार फक्त २ टक्के. कार्बन दोन्हीत साधारण साडेतीन टक्केच, फरक पडतो तो मिश्रणाने. तांबं अर्धा-एक टक्का किंवा थोडं कथील टाकलं की पर्लाइट, म्हणजे बिडातली लोखंडाची कडक घडण, वाढतो आणि ताकद चढते, आणि नेमकं तेच वेल्डिंगला नडतं, कारण पर्लाइटवाला पार्ट तापून झटकन थंड झाला की वेल्डच्या कडेला कडक ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतो. मँगनीज त्याहून त्रासदायक, ते दाण्यांच्या मधल्या जागेत साचतं आणि कार्बाइड, म्हणजे कडक ठिसूळ कण, करतं. क्रोमियम, व्हॅनेडियम तर नकोच. फॉस्फरस जास्त असेल तर वेल्ड गरम असतानाच फाटतो. निकेल मात्र कार्बाइड न करता ताकद देतं म्हणून मला ते सगळ्यात आवडतं, महाग आहे एवढंच.

आता काम. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडा, ग्राइंडरने व्ही काढा, आणि मुरलेलं तेल धूर थांबेपर्यंत तापवून जाळून टाका, खारं पाणी लागलेलं असेल तर त्याआधी गोड्या पाण्याने धुवा. रॉड ५५ टक्के निकेलवाला, कोरडाच हवा, आपल्याकडच्या पावसात उघडं पाकीट दमट होतंच. ४००/१५ ला दीडशे डिग्री सेल्सिअस प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी पार्ट तापवणं, पुरतं, पर्लाइटवाल्याला २०० ते ३००, टेम्परेचर चॉकने (ठरलेल्या तापमानाला वितळणाऱ्या खडूने) तपासा, अंदाजाने नको. करंट कमी, एका वेळी इंचभरच वेल्ड, लगेच गरम असतानाच हातोडीने हलके ठोके, मग दुसऱ्या जागी. शेवटी कोरड्या वाळूत पुरा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. थंड होताना टिक असा आवाज आला तर कडेला बघा, तडा सहसा वेल्डमधून जात नाही, शेजारच्या जुन्या बिडातून, मिलीमीटरभर आत, केसासारखा जातो.

आणि ७००/२ च्या पार्टची मूळ ताकद या जोडातून परत मिळत नाही. ज्याच्यावर वजन उचललं जातं, माणूस खाली उभा असतो, असा पार्ट वेल्ड करून देऊ नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. घाट चढून कोल्हापूरच्या फाउंड्रीतून नवीन ओतून आणा.

समुद्राच्या पाण्याच्या पंपाला चुंबक लावून बघा. चिकटलंच नाही आणि पार्ट बिडाचा असेल तर तो बहुतेक २० टक्के निकेलचा नी-रेझिस्ट (जास्त निकेलचं बीड), त्याला वरचं गणित लागू नाही. असा पंप नव्याने घेताना डी-२डब्ल्यू ग्रेड मागा, त्यात वेल्डिंग नीट व्हावं म्हणून मुद्दाम थोडं नायोबियम घातलेलं असतं.